छोटी अणुभट्टी उभारायची तर कामांचा क्रम कसा लावावा

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था साधारण ३०० मेगावॅटपर्यंतच्या अणुभट्टीला छोटी म्हणते. या निकषाने १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही छोट्याच ठरतात. नवेपण आकारात नाही. भट्टीचे मुख्य भाग कारखान्यात एकसारखे घडवायचे आणि जागेवर फक्त जोडायचे, यात ते आहे. पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातील कोळशाचे कॅप्टिव्ह (कारखान्याच्या स्वतःच्या वापरासाठीचे) वीज केंद्र बदलू पाहणाऱ्याने आखणी याच गोष्टीभोवती करावी.

आधी मागणी मोजावी. २२० मेगावॅटची भट्टी वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालली, तर सुमारे १६४ कोटी युनिट वीज मिळते. तेवढी वीज कोळशातून काढताना साधारण १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. परंतु अशा भट्टीचा खर्च इंधनापेक्षा उभारणीत अधिक असल्याने ती सलग चालली तरच परवडते, म्हणून रात्री मागणी उतरणाऱ्या कारखान्याने उरलेली वीज कोण घेणार हे लेखी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर आराखडा निवडावा आणि तो गोठवावा. बहुतेक प्रकल्पांची गाडी इथेच अडते. अमेरिकेत आयडाहो येथे न्यूस्केल कंपनीच्या भट्ट्यांचा प्रकल्प ठरला, तेव्हा ५० मेगावॅटची एक अशा १२ भट्ट्यांचा विचार होता. शेवटी ७७ मेगावॅटच्या सहा भट्ट्यांवर तो आला. विजेचा अपेक्षित दर मेगावॅट-तासाला (म्हणजे हजार युनिटना) ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला, पुरेसे ग्राहक जमले नाहीत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. भट्टी बदलली की सुरक्षेचे विश्लेषण, नळांची मांडणी आणि सुट्या भागांच्या मागण्या पुन्हा कराव्या लागतात, त्यामुळे तपशीलवार रेखाचित्रे पूर्ण होण्याआधी काँक्रीट ओतण्याची घाई करू नये, मग उद्घाटनाची तारीख कितीही जवळ आलेली असो.

इंधनाचा करार आराखड्याबरोबरच व्हायला हवा. अमेरिकेत वायोमिंगमधील टेरापॉवर कंपनीच्या भट्टीला लागणारे अधिक समृद्ध (विखंडनक्षम अंश नेहमीपेक्षा जास्त असलेले) युरेनियम रशियाकडून येणार होते. युक्रेन युद्धानंतर तो मार्ग बंद झाला आणि प्रकल्प किमान दोन वर्षे लांबल्याचे कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केले.

जागा निवडताना जमिनीइतकेच पाण्याकडे पाहावे. पाण्याने थंड होणाऱ्या भट्टीत विजेच्या प्रत्येक युनिटमागे जवळपास दोन युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणजे २२० मेगावॅट विजेसाठी ४०० मेगावॅटहून अधिक उष्णता समुद्रात, नदीत किंवा कूलिंग टॉवरमधून हवेत सोडायची. उन्हाळ्यात आटणाऱ्या नदीकाठी वर्षाची सरासरी नव्हे, मे महिन्याचा प्रवाह धरावा. भूकंप, पूर आणि लोकवस्तीचे अभ्यास अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांनुसार करावे लागतातच.

मालकीही लवकर स्पष्ट करावी. सरकारी अणुवीज कंपनी एनपीसीआयएलने २०२४ च्या अखेरीस २२० मेगावॅटच्या भारत स्मॉल रिअ‍ॅक्टरसाठी प्रस्ताव मागवले, त्यात जमीन व भांडवल उद्योगाचे आणि भट्टी चालवणे एनपीसीआयएलचे, अशी विभागणी होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी रुपयांची तरतूद आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी छोट्या भट्ट्यांचे उद्दिष्ट आहे, पण पैशाच्या आकड्यापेक्षा एकाच आराखड्याच्या किती भट्ट्या होतात याला माझ्या मते जास्त वजन द्यावे.

कॅनडातील ऑन्टारियोने डार्लिंग्टन येथे ३०० मेगावॅटच्या एकसारख्या चार भट्ट्या घेतल्या आहेत. एकूण अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलरचा. पहिल्या भट्टीला ६.१ अब्ज, सामाईक कामांना १.६ अब्ज, तर उरलेल्या तिघींना सरासरी ४.४ अब्ज. हे आकडे अजून कागदावरचेच आहेत. तरी एकच भट्टी मागवणाऱ्याने आपल्या ताळेबंदात पहिल्या भट्टीचा भाव धरावा, चौथीचा नव्हे.