धनुष्याचं पोट कुठल्या लाकडाचं?

माझं पहिलं धनुष्य बांबू आणि सागाचं. परळच्या चाळीत, गॅलरीत टेबल मांडून केलेलं. सागाची पट्टी कपाटाच्या कामातून उरली होती, आणि साग म्हणजे चांगलंच लाकूड असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी पोटावरून, म्हणजे सागाच्या बाजूवरून, नख फिरवलं तर ते आडव्या, केसासारख्या बारीक रेघांना अडखळलं. लाकूड दाबाखाली चुरगळलं होतं.

नेम धरल्यावर निशाणाकडे असते ती धनुष्याची पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. लाकूड ताण जास्त सोसतं, दाब कमी. त्यात बांबूची सालीकडची बाजू ताणाला फारच चिवट. पोट लेचंपेचं असेल तर पाठच त्याला चिरडते. म्हणून दोन चांगली लाकडं एकत्र आणली की जोडी जमली, असं होत नाही. पोट पाठीला पुरून उरलं पाहिजे. अमेरिकेतले कारागीर पाठीला बांबू किंवा हिकरीचं लाकूड लावतात आणि पोटाला ओसेज ऑरेंज किंवा इपे ही कठीण लाकडं, ते याचसाठी. मी आता पोटाला धामण घेतो. हत्यारांच्या दांड्यांना वापरतात तेच लाकूड. मिळालं की घेऊन ठेवतो.

रे रोडच्या वखारीत गेलात तर रंगावर, चकाकीवर जाऊ नका. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात का ते बघा. मध्येच कडेला बाहेर पडणारी रेषा म्हणजे उद्याची चीर. गाठ असेल तर फळी परत ठेवा, मग भाव कितीही कमी असो.

घरी आणल्यावर आधी चाचणी. प्रत्येक लाकडाची इंचभर रुंद, पाव इंच जाड, दोन फुटी पट्टी काढा. एक टोक टेबलाला क्लॅम्प करा, दुसऱ्याला पाण्याचा कॅन टांगा आणि थोडं थोडं पाणी वाढवत जा. मिनिटभराने कॅन काढा. पट्टी पुन्हा सरळ झाली तर ती पोटाला चालेल. बाक राहिला तर नको. माझ्या सागाचा बाक मला तेव्हाच दिसला असता.

जाडी रंध्याने हळूहळू उतरवा. जाडी दहा टक्के वाढली की ताठरपणा जवळजवळ तेहतीस टक्क्यांनी वाढतो.

मुंबईत खरा त्रास ओलीचा. जून ते सप्टेंबर मी काहीच चिकटवत नाही. एरवीही पाठीची आणि पोटाची पट्टी एकाच खोक्यात, बल्बच्या उबेत ठेवतो. एक सुकी, एक ओली राहिली तर जोडल्यावर आकसताना एक दुसरीला ओढते. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून खडूने पट्टीवरच लिहितो. वजन उतरायचं थांबलं की त्याच दिवशी इपॉक्सी लावून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळतो. तेलकट लाकूड असेल तर त्याआधी ॲसिटोनने पुसायचं आणि लगेच चिकटवायचं, नाहीतर तेल पुन्हा वर येतं आणि सांधा सुटतो.