स्वतःच्या हाताने घास: व्यवसायोपचाराचा घरातला सराव

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या 'व्यवसाय' शब्दाने अनेक पालक गोंधळतात. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणे, कपडे घालणे, खेळणे. ही कामे त्याला जमतील तितकी स्वतः करता यावीत, एवढ्यासाठी हा उपचार आहे.

"याचा बापही उशिराच चालला" असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. तरीही दहावा महिना लागला तरी मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, किंवा दीड वर्षाच्या आतच एकच हात वापरून दुसरा मुठीत आवळत असेल, तर वाट पाहू नये. शेवटचे लक्षण 'डावखुरा दिसतोय' म्हणून हमखास सुटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, तेव्हा ही शंका बोलून दाखवावी. अथवा कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात मुलाला न्यावे.

घरच्या सरावाची सुरुवात जेवणापासून आणि जेवणाची सुरुवात बैठकीपासून करावी. पाटावर मांडी घालून जेवण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, परंतु ज्याची कंबर व पाठ कमकुवत आहे त्या मुलाची सारी ताकद अंग सावरण्यातच जाते आणि हाताला काही उरत नाही. म्हणून त्याला पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवून पायांखाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात, कंबर, गुडघे व घोटे काटकोनात आणावेत आणि ताट कोपराच्या उंचीवर ठेवावे. ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. चमच्याचा दांडा कापडाची पट्टी गुंडाळून जाड करावा. पहिला पदार्थ चमच्याला चिकटणारा असावा, जसे घट्ट वरण-भात किंवा दहीभात. तांबडा-पांढरा रस्सा बराच नंतर. गिळताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल, तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुलाच्या मागे बसून त्याच्या हातावर आपला हात ठेवावा, चमचा भरून ओठांपर्यंत न्यावा आणि शेवटचे बोटभर अंतर त्याच्यावर सोडावे. तेवढे पक्के झाले की हात थोडा आधी सोडावा. अशा उलट्या क्रमात प्रत्येक प्रयत्न तोंडात पडलेल्या घासानेच संपतो, त्यामुळे मूल कंटाळत नाही. चड्डी वर ओढणेही असेच शिकवता येते. चपलेचे मात्र वेगळे: कोल्हापुरीच्या अंगठ्यात बोट घालणे मोठ्या कौशल्याचे काम आहे, तेव्हा आधी वेल्क्रोचे सँडल घ्यावेत.

शाळेच्या घाईत हा सराव करू नये. संध्याकाळचे एकच जेवण पुरे. वहीत 'आज नीट जेवला' एवढेच लिहिले तर थेरपिस्टला काही कळत नाही; हात कोठे सोडला आणि कितव्या घासाला तो थकला, हे लिहावे.