पावसाआधी घरातल्या इलेक्ट्रॉनिक्सची तयारी, सुरुवात अर्थिंगपासून

मे संपत आला की नाशकात दुपारनंतर आभाळ भरून यायला लागतं, वारं सुटतं आणि सिडको असो की म्हसरूळ, लाईट जाते, येते, परत जाते. या दिवसात आपण पत्रे बघतो, गच्चीवरचे पाईप साफ करतो, पण ज्या टीव्ही-फ्रीज-कॉम्प्युटरवर एवढा पैसा घातलाय त्यांच्यासाठी फार तर एक स्पाईक गार्ड, म्हणजे व्होल्टेजचा झटका अडवणारा एक्स्टेन्शन बोर्ड, आणतो आणि झालं म्हणतो. माझं सांगणं एवढंच आहे की स्पाईक गार्ड ही सगळ्यात शेवटची खरेदी, त्याच्याआधी अर्थिंग आणि न्यूट्रल ही दोन कामं उरकून घ्या, नाहीतर बाकीचा खर्च बराचसा वाया जातो.

अर्थिंगला एवढं महत्त्व कशाला, तर स्पाईक गार्डच्या आत खरं काम करणारा पार्ट असतो एमओव्ही, म्हणजे झिंक ऑक्साईडची बटणाएवढी गोल चकती. नेहमीच्या 230 व्होल्टला ती गप्प बसून असते, व्होल्टेज एकदम उसळलं की तेवढ्या क्षणापुरती वाट मोकळी करते आणि जादाचा करंट न्यूट्रलकडे, अर्थकडे वळवते. आता अर्थची वाटच बंद असेल तर ती वळवणार कुठे? म्हणून बंगला किंवा रो-हाऊस असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा, पार्किंगला फरशी घालताना तो बऱ्याचदा खालीच गाडला जातो आणि नंतर घरात कोणालाच माहीत नसतं. सापडला की पट्टीचा नटबोल्ट बघा, गंजून पिवळा-लाल झाला असेल तर वायरमनकडून घासून-बदलून घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, त्यात आपल्याकडे बऱ्याच भागात थोडं खणलं की मुरूम आणि काळा पाषाण लागतो जो ओल धरत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अधूनमधून त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला विसरू नका.

वायरमन आलाच आहे तर प्रत्येक रूममधला एक तरी सॉकेट मीटर लावून चेक करायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये साधारण 230 दिसायला पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, तिथे दहा-वीस दिसले तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे, ते शोधल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. काहीजण टेस्ट लॅम्प लावून बघतात, फेज आणि अर्थला बल्ब जोडला की तो फुल पेटायला हवा, पण घरात ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडायला हवी, पडली म्हणजे अर्थ आणि ईएलसीबी दोन्ही जागेवर आहेत. हे स्वतः करू नका प्लीज, वायरमनलाच करू द्या. कित्येक जुन्या घरांत वायरिंगच दोन तारांचं असतं आणि सॉकेटचं वरचं तिसरं भोक नुसतं दाखवायला, तिथे कितीही महागाचा गार्ड लावा, त्याचं अर्ध कामच होत नाही. आणि प्लगची मोठी पिन तोडून टू-पिनच्या बोर्डात घालायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

आता न्यूट्रल. लोक आभाळातल्या विजेला घाबरतात आणि ते बरोबरच आहे, पण माझ्या मते आपल्या कॉलन्यांमध्ये न्यूट्रलची भीती जास्त धरायला हवी. डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज येतात, सिंगल फेजच्या घराला त्यातला एक मिळतो आणि न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, सगळ्यांचा मिळून एकच. दोन फेजमध्ये 400 च्या आसपास व्होल्ट असतात. वाऱ्यात फांदी पडून हा न्यूट्रल तुटला किंवा जॉइंट ढिला झाला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज जास्त, 300, 350, कधी त्याच्याही वर, आणि समोरच्या घरात मात्र बल्ब मिणमिणायला लागतो. हे लाईनमन येऊन दुरुस्त करेपर्यंत चालूच राहतं, त्यामुळे क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली स्पाईक गार्डमधली ती चकती तापून जळते, प्लॅस्टिक वितळतं, आग लागायचाही धोका असतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबा आणि मुलांनासुद्धा, एक गोष्ट शिकवून ठेवा: पंखा अचानक जोरात फिरायला लागला, बल्ब भसकन उजळले किंवा कमी-जास्त व्हायला लागले की विचार करत बसायचं नाही, सरळ मेन स्विच खाली. मेन स्विचसमोर चपलांचा स्टँड किंवा रद्दी असेल तर आधी ती हलवा, अंधारात हात पोचला पाहिजे.

थ्री फेज कनेक्शन असलं तर हा धोका तुमच्या स्वतःच्या बोर्डातही आहे, न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू ढिला पडला तरी पुरे होतं, तेव्हा पावसाआधी मेन बंद करून सगळे स्क्रू टाईट करून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढून मीटर रूममधले जॉइंट, लिफ्टचं पॅनेल आणि अर्थिंग एकदमच तपासून घ्या. मीटरच्या सीलच्या पलीकडे मात्र कोणीही हात घालायचा नाही, ते काम महावितरणचं. तारांना फांद्या घासत असतील तर आत्ताच तक्रार टाका, 1912 ला फोन लावा, 12 आकडी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. तो बिलावर असतो, पण लाईट गेल्यावर बिल सापडत नाही म्हणून मोबाईलमध्ये सेव्ह करा.

मग बोर्डात काय बसवायचं. एमसीबी करंट जास्त झाला की पडते, ईएलसीबी करंट गळला की पडते, व्होल्टेज दोघींनाही दिसत नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, एमसीबीच्या शेजारीच बसतो, व्होल्टेज साधारण 270 च्या वर गेलं की घराची लाईन तोडतो (कंपनीप्रमाणे आकडा थोडा पुढेमागे) आणि नीट झालं की आपोआप परत जोडतो. एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर मी आधी हीच घ्यायला सांगेन. त्यानंतर टाईप 2 एसपीडी, म्हणजे बोर्डात बसणारा सर्ज प्रोटेक्टर, तो वीज पडल्यावर तारेतून येणाऱ्या क्षणभराच्या झटक्यासाठी. तो बसवताना त्याची जोडणीची वायर आखूड ठेवायला सांगा, सगळी मिळून अर्ध्या मीटरच्या आत, लांब गुंडाळी करून सोडली तर एसपीडीचा निम्मा उपयोग जातो. त्याच्या खिडकीत हिरवं दिसतं तोवर ठीक, लाल झालं की आतलं कार्ट्रिज बदलायचं.

स्टॅबिलायझर म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे हेही सांगून ठेवतो, तो हळूहळू वर-खाली होणारं व्होल्टेज सांभाळतो, मायक्रोसेकंदाचा झटका त्याच्या रिलेला कळायच्या आत पुढे निघून गेलेला असतो. घरचा इन्व्हर्टरही लाईट असताना बहुतेक वेळा मेनची लाईन तशीच पुढे सोडतो, त्याच्या भरवशावर टीव्ही सोडू नका. आणि आता शेवटी स्पाईक गार्ड. बॉक्सवर जूलचा आकडा, म्हणजे तो किती ऊर्जेचा झटका पचवू शकतो ते, लिहिलेला नसेल तर ते नुसतं एक्स्टेन्शन बोर्ड समजा, लाल दिवा असला म्हणून काही होत नाही. चकती प्रत्येक झटक्याला थोडी थोडी खराब होते, त्यामुळे प्रोटेक्शनचा इंडिकेटर विझला की गार्ड बदला, सॉकेटला लाईट येत असली तरी.

झटका घरात शिरायची एक वाट सगळे विसरतात, ती गच्चीवरून येते. डिशची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआय टीव्हीत, त्यामुळे प्लग काढलेला असूनही टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट जळतो. फायबर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण राऊटरचा अडॅप्टर आणि गच्चीवरून खाली आणलेली लॅन केबल नेते. तेव्हा ढगाळ दिवशी कामावर जाताना टीव्हीचा प्लग, डिशची केबल आणि लॅन तिन्ही काढून जा. रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नसतो. सोलर बसवलं असेल तर डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी आहे ना आणि लायटनिंग अरेस्टरचं (पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचं) अर्थिंग वेगळं आहे ना हे बसवणाऱ्याला विचारा, गच्चीवर चढून दाखवायला सांगा.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाका, आसपास वीज पडायची शक्यता असली की कळवतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, 3 सेकंदाला साधारण 1 किलोमीटर. गडगडाट ऐकू यायला लागला की मात्र प्लग-केबलला हात लावायचा नाही, जे काढायचं ते आधीच. लाईट गेली की फ्रीज, एसी, कॉम्प्युटर बंद करून एक बल्ब चालू ठेवा, तो पेटल्यावर पाच मिनिटं थांबा आणि मग एकेक करून चालू करा. हीच सगळी कसरत सप्टेंबरअखेरीला हस्ताच्या पावसात परत करायची आहे, तेव्हा गडगडाट जूनपेक्षा कमी नसतो.

एवढं करूनही काही जळलंच तर लगेच परत चालू करून बघू नका. वास येतोय का बघा, प्लग काढा, फोटो काढा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा आणि आजूबाजूच्या घरात काय झालं ते विचारा, गल्लीभर झालं असेल तर दोष लाईनचा आणि एकट्या तुमच्याकडेच झालं असेल तर आधी आपलं वायरिंग. वॉरंटीत व्होल्टेजने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत, म्हणून घराचा विमा असेल तर त्यात वीज पडल्यामुळे आणि शॉर्टसर्किटमुळे झालेलं नुकसान वेगवेगळं लिहिलंय का ते एजंटकडून आत्ताच समजून घ्या, आणि टीव्ही-फ्रीजच्या बिलांचे फोटो मेलवर टाकून ठेवा.