डिसर्टेशनचा डेटा हातात आलाय? एसपीएसएस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल आला की माझ्याकडे ठरलेला मेसेज येतो, "ताई, डेटा गोळा झालाय, आता कुठली टेस्ट लावू?" सायकॉलॉजी एमएच्या मुलांना डेटात थोडीफार मदत करते म्हणून. अरे पण कुठली टेस्ट लावायची हे फॉर्म बनवायच्या आधी ठरवायचं असतं ना! ज्या फिशर नावाच्या स्टॅटिस्टिशियनमुळे ०.०५ चं (पी व्हॅल्यू याहून कमी आली की निकाल "सिग्निफिकंट" म्हणायचा) एवढं प्रस्थ वाढलं त्यानेच १९३८ मध्ये भारतीय स्टॅटिस्टिक्स परिषदेच्या भाषणात सांगितलं होतं की प्रयोग उरकल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे जाणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करून घेणं, तो फार तर प्रयोग कशाने मेला ते सांगेल. तर मी बघितलेले पोस्टमॉर्टेम रिपोर्ट खाली देतेय.

सगळ्यात जास्त जीव जातात रिव्हर्स स्कोअरिंगमध्ये. ताण मोजायची १० प्रश्नांची पीएसएस ही प्रश्नावली घ्या, सगळेच वापरतात. त्यात ४, ५, ७ आणि ८ नंबरचे प्रश्न उलटे आहेत, म्हणजे जास्त मार्क म्हणजे कमी ताण, ते उलटवल्याशिवाय बेरीज केली तर त्या टोटलला काही अर्थच राहत नाही. माझ्या स्वतःच्या एमएला अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) मायनसमध्ये आला होता आणि मी दोन दिवस सॉफ्टवेअर बिघडलंय समजून परत परत इन्स्टॉल करत बसले होते! अल्फा मायनस किंवा अगदीच कमी दिसला की पहिला संशय इथेच घ्या. उलटवताना पण गडबड होते, स्केल १ ते ५ असेल तर ६ मधून वजा करायचं, पण पीएसएस ० ते ४ आहे, तिथे ४ मधून. आणि एसपीएसएसमध्ये त्याच कॉलममध्ये रिकोड करू नका (म्हणजे मार्क उलटवू नका), नवीन कॉलम बनवा, कारण चुकून दोनदा रन झालं की उलटं केलेलं परत सुलटं होतं आणि कळत पण नाही.

डेटा साफ करणं कंटाळवाणं आहे, पण कोणीतरी वयाच्या रकान्यात "२१ वर्षे" लिहिलेलं असतं मग अख्खा कॉलम टेक्स्ट होतो. न भरलेल्या उत्तराला ९९ टाकलं आणि ते मिसिंग म्हणून सांगितलंच नाही तर कॉलेजच्या पोरांचं सरासरी वय ३४ येतं. आधी मिनिमम-मॅक्सिमम बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता पी व्हॅल्यू. "पी ०.०३ आला म्हणजे माझी हायपोथेसिस (आधी मांडलेला अंदाज) ९७ टक्के खरी", हे व्हायवाला बोलू नका प्लीज. खरा अर्थ असा की मुळात काहीच फरक नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता ३ टक्के. बास. तुमची हायपोथेसिस खरी असायची शक्यता यातून कळतच नाही. आउटपुटमध्ये .००० दिसलं तर पी शून्य लिहू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. आणि सिग्निफिकंट नाही आलं म्हणजे "फरक नाही हे सिद्ध झालं" असंही नाही, १५ मुलं आणि १५ मुली घेऊन काय सापडणार? मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात.

उलट बाजूने, १०० जणांवर ०.२० चा सहसंबंध सिग्निफिकंट येतो आणि लगेच निष्कर्षात "सोशल मीडियामुळे आत्मसन्मान घटतो". ०.२० चा वर्ग ०.०४, म्हणजे आत्मसन्मानातल्या फरकांपैकी ४ टक्केच सोशल मीडियाशी जुळतात. शिवाय "मुळे" कुठून आलं? आधीच खचलेलं पोरगं जास्त वेळ फोनवर असेल, किंवा घरचं काहीतरी तिसरंच असेल. सर्व्हेत "मुळे" लिहायची सवय मोडा. तसंच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म फिरवून शीर्षकात "महाराष्ट्रातील तरुण" लिहू नका, आपल्या ग्रुपातली ८० पोरं म्हणजे महाराष्ट्र नाही.

सिग्निफिकंट काही येत नसलं की मुलं करतात काय, तर दिसेल त्याची दिसेल त्याच्याशी टेस्ट लावतात. मुळात काहीच नसताना एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट लावल्या तर किमान एक सिग्निफिकंट यायची शक्यता ६४ टक्के आहे! २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी मुद्दाम दाखवून दिलं, एक ठराविक गाणं ऐकल्यावर माणूस जवळपास दीड वर्षाने तरुण होतो, पी ०.०४. डेटा खरा होता, फक्त थोडी थोडी माणसं घेत मध्येच पी बघायचा, हवं ते आलं की थांबायचं, आणि नको ते गट नि व्हेरिएबल सांगायचेच नाहीत. मोठे संशोधक पण यातून सुटले नाहीत, २०१५ मध्ये सायकॉलॉजीचे १०० अभ्यास परत करून बघितले, मूळ ९७ सिग्निफिकंट होते, परत केल्यावर फक्त ३६ टक्के आले. त्यामुळे तुमचं नाही आलं तर "अजून २० फॉर्म भरून घे, येईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, नाही आलं तसं लिहा, त्यावर नापास करत नाहीत.

टी टेस्टच्या (दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते बघणारी टेस्ट) टेबलात दोन ओळी का असतात हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. त्याच टेबलात लेव्हीनची टेस्ट असते, दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा आहे का ते बघणारी, तिचा सिग (म्हणजे पी) ०.०५ पेक्षा कमी असेल तर खालची ओळ वाचा, नाहीतर वरची.

आणि मला मेसेज करायचाच असेल तर फॉर्म पाठवायच्या आधी करा, ऑगस्टमध्ये मी रिकामीच असते.