मातीतल्या फणाचं डीईएम मॉडेल कसं जुळवायचं

मशागतीच्या अवजाराच्या फणाला, म्हणजे माती उकरणाऱ्या दात्याला, लागणारी ओढ (तो पुढे ओढण्याचं बल) संगणकावर काढायची, तर खरी मेहनत असते मातीचे आकडे बसवण्यात. कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीत (डीईएम) माती म्हणजे एकमेकांना घासणारे, ढकलणारे गोळे. चिकणमातीचा खरा कण २ मायक्रॉनहून बारीक, तर मॉडेलमधला गोळा १० मिलिमीटरचा. म्हणून गोळ्यांमधलं घर्षण मातीच्या तक्त्यातून उचलू नका. गोळ्यांचा ढीग मातीसारखा वागेपर्यंत ते बदलत न्यायचं असतं.

समजा, फण ५० मिमी रुंद आहे, खोली १५० मिमी आणि वेग सेकंदाला १ मीटर. मॉडेलमधली मातीची पेटी १.५ मीटर लांब, ६५० मिमी रुंद, ३०० मिमी खोल घ्या. म्हणजे फणाच्या दोन्ही अंगांना खोलीच्या दुप्पट जागा राहते. जागा कमी पडली की भिंती माती दाबून धरतात आणि ओढ उगाच वाढलेली दिसते. अशा पेटीत साधारण ३.३५ लाख गोळे बसतात. सगळे एकाच मापाचे घेतले तर ते थरावर थर रचले जातात, म्हणून व्यास थोडा कमीजास्त ठेवा. शेतातल्या मातीची घनता घनमीटरला १४०० किलो असेल आणि गोळे पेटीची ६० टक्के जागा व्यापत असतील, तर गोळ्याची घनता १४०० ÷ ०.६, म्हणजे सुमारे २३३० किलो द्या.

आता जुळवणी. नुसत्या ढिगाच्या उताराच्या कोनावर थांबू नका. सरकतं घर्षण वाढवून लोळण-घर्षण कमी केलं तरी तोच कोन मिळतो. ओली माती तर नीट ढीगच करत नाही. म्हणून सोबत डायरेक्ट शिअर चाचणी हवीच; तिच्यात दाबाखालची माती पेटीत आडवी सरकवून तिची ताकद मोजतात. ५०, १०० आणि १५० किलोपास्कल दाबाखाली संसक्ती (मातीचा स्वतःचा चिकटपणा) आणि घर्षणकोन (दाबाबरोबर ताकद किती वाढते ते सांगणारा कोन) मोजा, तेही शेतातल्याच ओलाव्याला आणि घनतेला. प्रयोगशाळेतली या चाचणीची ६० मिमीची पेटी मॉडेलमध्ये जशीच्या तशी घेऊ नका, तिच्या एका बाजूला जेमतेम सहा गोळे मावतात. मॉडेलमध्ये ही पेटी ३०० मिमीची करा. चिकट मातीला हर्ट्झ-मिंडलिनसोबत (गोळे टेकल्यावरचं दाबाचं आणि घासण्याचं बल काढणारं नेहमीचं सूत्र) जेकेआरसारखं चिकटपणाचं मॉडेल जोडा.

गोळ्याचा शिअर मॉड्युलस (त्याचा ताठरपणा) १० मेगापास्कल ठेवला, तर टाइमस्टेप, म्हणजे गणिताच्या एका पावलाचा वेळ, रॅलेच्या मर्यादेच्या (गोळ्याच्या पृष्ठभागावरून लहर जायला लागणाऱ्या वेळेच्या) २० टक्के, म्हणजे सुमारे ५० मायक्रोसेकंद येते. मॉड्युलस शंभरपट वाढवला की ती दहापट लहान होते. मॉड्युलस फार उतरवला तर गोळे एकमेकांत घुसतात. ही घुसण त्रिज्येच्या काही टक्क्यांपलीकडे गेली की निकाल टाकून द्या.

गोळे भरल्यावर त्यांची हालचाल पूर्ण थांबू द्या, मगच फण चालवा. ओढीची सरासरी आलेख स्थिरावल्यानंतरच्या भागाचीच घ्या. आलेख शेवटपर्यंत चढतच राहिला, तर फणापुढे साचलेली माती समोरच्या भिंतीला टेकली का ते पाहा.

शेवटी जुळवणीत न वापरलेली खोली, उदाहरणार्थ १०० मिमी, मॉडेलमध्ये चालवा आणि मोजलेल्या ओढीशी ताडून पाहा. तिथे तफावत आली तर शिअर चाचणीकडे परत जा; फणाची ओढ जुळावी म्हणून घर्षणाचे आकडे फिरवत बसू नका.