बास्केटबॉलमध्ये गार्ड (बॉल पुढं नेणारा खेळाडू) व्हायचंय ना? मंग गावातच या चुका टाळा

पोट्ट्याचे थ्री, म्हणजे रेघेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, आपल्या कोर्टावर दणादण पडते अन् जिल्ह्याच्या मॅचला गेलं की सगळे रिंगच्या अलीकडेच पडते, मंग लोक म्हणते पोट्टं घाबरलं. दारव्ह्याकडे मी पोरं खेळवतो, पहिल्या साली मलेही असंच वाटलं, त्या पोराले परतीच्या एसटीत लय बोललो, ते अजून मनातून जात नाही. कारण घरी येऊन टेप लावला तर आमची थ्रीची रेघ निघाली 6.25 मीटरवर. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, ती 2010 मध्येच 6.75 केली, पण जुन्या कोर्टावर परत रंग मारते कोण? सोपी खूण सांगतो, रिंगखाली जमिनीवर आखलेला डबा जर रिंगकडे पसरत गेलेला, तिरप्या रेघांचा असेल तर आखणी जुनी आहे, आता तो सरळ आयताकृती राहते. रिंगची उंचीही मोजा, 3.05 मीटर पाहिजे, वेल्डरनं बनवलेली रिंग पोट्टे लटकून लटकून समोरून वाकवून टाकते.

बॉलचंही तसंच. शाळेत एकच बॉल, तोही 7 नंबरचा, म्हणजे मोठ्या माणसांचा, अन् तोच अकरा वर्षाच्या पोराच्या हातात. त्याले जोर पुरत नाही म्हणून तो खांद्यावरून फेकते, अन् ती सवय मोठेपणीही सुटत नाही. लहानांना 5 नंबर, मुलींना मोठं झाल्यावरही 6 च. बॉल बदलता येत नसेल तर रिंगजवळून मारू द्या, थ्रीचा हट्ट नको.

आता गार्डचं खरं दुखणं. आपला पोट्टा मोबाईलवर पाहून पायातून बॉल काढते, पाठीमागून फिरवते, बघायले भारी वाटते, पण समोरच्या टीमनं प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टावर अंगावर येऊन अडवलं, की दोन मिनिटांत चार बॉल देऊन बसते. का? तो उजव्या हातानंच निघते, म्हणून प्रत्येक वेळी उजव्या साईडलाईनकडे ढकलल्या जाते, अन् मधली रेघ ओलांडली की कोपऱ्यात दोघं येऊन गाठते. तिथं नियमानं बॉल घेऊन रेघेमागं परत जाता येत नाही, साईडलाईन एका बाजूनं, मधली रेघ पाठीमागं, म्हणजे चार डिफेंडर झाले ना बाप्पा! वरून आठ सेकंदात बॉल मधल्या रेघेपुढं न्यायचा नियम, त्याची घाई, म्हणून घाबरून तो ड्रिबल थांबवते अन् बॉल डोक्यावर धरून उभा राहते. यावर औषध असं की रेघेच्या अलीकडेच, दोघं येताना दिसले की दोन ड्रिबल मागं घ्यायचे, मान वर, अन् मधल्या माणसाले पास. रोज वीस मिनिटं फक्त डाव्या हातानं, अन् मी समोर उभा राहून बोटं दाखवतो, किती ते ओरडून सांगायचं, म्हणजे नजर बॉलवर जातच नाही. पहिले दोन आठवडे पोरं कंटाळते, चिडते, पण करूनच घ्या.

उंचीचं तर विचारूच नका. आईबाप येऊन म्हणते, सर, पोट्टं बुटकं आहे, याले कबड्डीत टाका. मगसी बोग्स 1.60 मीटरचा होता, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, 14 सीझन खेळला. फ्रेड व्हॅनव्लीटला 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीमा नवे खेळाडू निवडते तिथं, कोणीच घेतलं नाही, 2019 मध्ये टोरँटोच्या टीमसोबत चॅम्पियन झाला, फायनलच्या शेवटच्या मॅचला 22 पॉइंट. जेलन ब्रन्सननं तीन वर्षं कॉलेज खेळलं, टीम दोनदा चॅम्पियन झाली, तरी 2018 मध्ये त्याचा नंबर 33 वा लागला. हे शेवटचे दोघं सावकाश पिकलेले गार्ड आहे. अन् आपल्याकडे पोट्टं सतराव्या वर्षी राज्याच्या टीममध्ये आलं नाही की घरचे म्हणते झालं आता, बूट ठेवून दे.

पण त्याच्या उलटीही चूक आहे, एनबीएच्या नादात बारावी सोडणं. पंजाबातल्या खेड्यातला सतनाम सिंग 2015 मध्ये 52 व्या नंबरवर ड्राफ्ट झाला, पहिला भारतीय, मलेही लय अभिमान आहे, पण त्याले एनबीएची एकही रेग्युलर मॅच मिळाली नाही, अन् तो सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, होता. आपल्या पोराचा रस्ता जिल्हा, विभाग, राज्य, मंग युनिव्हर्सिटी, मंग रेल्वे नाहीतर पोलीस असा जाते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट हातात घेऊनच घरी या, झेरॉक्स काढून ठेवा. शालेय स्पर्धा वेगळ्या अन् संघटनेची निवड चाचणी वेगळी, बरेच गावचे पोरं फक्त शाळेचीच वाट बघत बसते.

अन् वय. वय कमी दाखवून अंडर 14 मध्ये खेळवू नका, हात जोडून सांगतो. पकडलं तर पोराचं नाव जाते, नाही पकडलं तर तो लहानांवर ताकदीनं जिंकत राहते अन् खेळ शिकतच नाही, आणि ज्याची जागा गेली ते पोरगंही आपल्यातलंच कोणाचं असते.

राहिली वेचणी. नेमकं स्पर्धेच्या दिवसात कापूस फुटते अन् पोट्टे वावरात. त्यासाठी मी घरोघरी भांडत नाही, सकाळी साडेपाचला ग्राउंडवर बोलावतो, सातला सोडून देतो, तेवढ्यात डाव्या हाताचे वीस मिनिटं होते अन् प्रेस तोडायचंही होते.