हॅमस्ट्रिंग खेचला गेलाय? परत जाऊ नये म्हणून काय काय करायचं

जोरात धावताना मांडीच्या मागे अचानक कळ आली, कोणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं आणि पुढचं पाऊल टाकवेना, तर बहुतेक हॅमस्ट्रिंगच, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, गेला. माझा पहिल्यांदा गेला तेव्हा बाराव्या दिवशी दुखायचं थांबलं, मी लगेच जोरात पळालो आणि त्याच जागी परत गेला, मग दोन महिने घरी. म्हणून आधीच सांगतो, दुखणं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला असं नाही.

सगळ्यात आधी हे बघा: 'टक्' असा आवाज आला होता का, बसायच्या हाडाजवळ दुखतंय का, पायावर भार देता येत नाही किंवा मांडी बरीच काळीनिळी पडलीय का. असं असेल तर थेट डॉक्टर गाठा, कारण स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो आणि ऑपरेशन लागणार असेल तर ते लवकर ठरलेलं बरं. गुडघ्याखाली मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दुखणं कमरेतल्या नसेचंही असू शकतं.

पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, कपड्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, आणि चालायचं ते छोटी पावलं टाकत. शेक नको, मालिश नको, आणि कृपा करून स्ट्रेचिंग नको. पाय आखडल्यासारखा वाटतो म्हणून सगळे वाकून अंगठे धरायला जातात, पण तुटलेले तंतू जुळत असताना आपण तेच ओढत असतो.

पण नुसतं पडूनही राहू नका. डेन्मार्कमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात मांडी-पोटरीचा स्नायू फाटलेल्या खेळाडूंपैकी ज्यांनी दुखापतीनंतर दोन दिवसांनी व्यायाम सुरू केला ते नऊ दिवसांनी सुरू करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळायला लागले. सुरुवात अगदी साधी. पाठीवर झोपा, गुडघा थोडा वाकवा, टाच जमिनीत हळूच दाबा, पाय हलवायचा नाही, फक्त दाबायचं, दहा अंक मोजा, सोडा, असं पाच वेळा. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर पुढे जायचं, नाहीतर एक पायरी मागे.

मग ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, आधी दोन पायांवर, नंतर एका. ते जमलं की मोजे घालून गुळगुळीत फरशीवर ब्रिजमध्ये टाचा हळूहळू पुढे सरकवायच्या. हा प्रकार मला सगळ्यात जास्त कामाचा वाटला, कारण यात स्नायू लांब होत असताना जोर लावतो आणि धावताना नेमका तिथेच तो फाटतो, म्हणजे पाय पुढे फेकला जातो आणि टाच टेकायच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग त्याला ब्रेक लावत असतो तेव्हा.

न लंगडता भराभर चालता आलं की जॉगिंग, मग दिवसाआड वेग वाढवायचा, फुल स्पीडच्या ५० टक्के, ६०, ७०, आणि घाई नेमकी ८० च्या पुढे नडते. किरकोळ ताण असेल तर एक ते तीन आठवडे, बरेच तंतू फाटले असतील तर चार ते आठ आठवडे धरून चाला. मॅच खेळायच्या आधी तीन गोष्टी तपासा: दाबून कुठेच दुखत नाही, झोपून सरळ पाय दुसऱ्या पायाइतकाच वर जातो, आणि वेगवेगळ्या दोन दिवशी फुल स्पीडने धावूनही भीती वाटली नाही. परत आल्यावर पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, तेव्हा खेळायचा वेळ हळूहळू वाढवा.

आणि नॉर्डिक नावाचा व्यायाम सोडू नका. गुडघ्यांवर ताठ उभे राहा, घोटे कोणीतरी घट्ट धरावेत, कंबर न वाकवता अंग शक्य तितकं सावकाश पुढे झुकवा, तोल सुटला की हातांवर या. सुरुवातीला पाच-पाचचे दोन सेट, आठवड्यातून दोनदा. नियमित करणाऱ्या टीममध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या झालेल्या दिसल्यात. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना जाणवतं, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी मात्र करू नका.